झाडीपट्टीतला विनोदी नट सिनेमात गेला की बोथट का होतो?

कठाणीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून वेगळा धागा काढतो. आमच्या भागातला एक विनोदी नट गेली काही वर्षं सिनेमात आणि वेबसिरीजमध्ये दिसतो. नाव घेत नाही, माणूस जवळचा आहे. गावात सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. तरी त्याला पडद्यावर पाहिलं की पोटात कालवतं. भर मंडपात पुढाऱ्याला घाम फोडणारा हा माणूस पडद्यावर साहेबांची बॅग उचलतो, दारात अडखळतो, 'मले काय माहीत जी' म्हणतो, आणि लोक हसतात.

बाहेरच्या सभासदांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा पट्टा, म्हणजेच झाडीपट्टी. भाऊबीजेनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात आणि त्यांच्या जोडीनं नाटकं. वडशाला (देसाईगंज) नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावची मंडळं तिथं जाऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात. धान कापलेल्या बांधीत शामियाना लागतो, रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. नट आज या गावात, उद्या त्या गावात, नाटकही रोज वेगळं. त्यामुळे समोर प्रॉम्प्टर बसतो आणि वाक्यं पुरवतो. विनोदी नटाला मात्र प्रॉम्प्टर काय पुरवणार? त्याचं निम्मं काम संहितेत नसतंच. तो संध्याकाळी गाडीतून उतरला की आधी पानठेल्यावर उभा राहतो. पाण्याची टाकी बांधून कोरडी पडली आहे का, रोजगार हमीची मजुरी कोणाची अडकली, धान खरेदी केंद्रावर काय चाललंय, सगळं विचारून घेतो. रात्री तेच स्टेजवर येतं.

एक प्रवेश सांगतो. त्या साली खरेदी केंद्रावर वजनात मारतात अशी सगळीकडे ओरड होती. नाटकात हा घरगडी. मालकानं पोतं मोजायला पाठवलेलं. परत येतो तो घाबराघुबरा, स्वतःचंच अंग चाचपत. मालक विचारतो, काय झालं रे? हा म्हणतो, "मालक, घरच्या काट्यावर चढलो तं साठ किलो भरलो. केंद्रावरच्या काट्यावर चढलो तं छप्पन. चार किलो माणूस कुठं गेला जी?" मंडप हसून लोटपोट. हसणं ओसरू दिलं, मग हळूच पुढं आला, पहिल्या ओळीतल्या सोफ्याकडे वाकून बघितलं. तिथं त्या रात्रीचे उद्घाटक बसले होते आणि केंद्राचा कारभार त्यांच्याच माणसांकडे होता. अगदी काळजीच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुमचं वजन मात्र वाढलेलं दिसते बाप्पा."

उद्घाटकांना हसावं लागलं. सगळं गाव त्यांच्याकडेच बघत होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलेली पोरं पोतं चढवायच्या आधी स्वतः काट्यावर उभी राहून बघत होती.

मी याला धार म्हणतो. ज्याच्यावर हसायचं तो समोर बसलेला असतो आणि बोलणारा त्याच्यापेक्षा लहान माणूस असतो. सिनेमात तोच नट आहे, तीच बोली, तेच टायमिंग. फक्त आता ज्याच्यावर हसतात तो घरगडी आहे, आणि हसणारा तो सोफ्यावरचा.

हे झालं कसं, यावर मोकळेपणानं लिहा.

---

तुरीची_शेंग (यवतमाळ जिल्हा)

भाऊ, तुमचं दुःख समजते. पण आधी त्या माणसाचं पोट पाहा. सीझन दिवाळी ते होळी. बाकीचे आठ महिने काय? माझ्या मावशीच्या गावचा एक नट आहे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडाले जाते, पावसाळ्यात रोवण्याले. रातभर जागून, गाडीत झोपून, थंडीत बारीक सदऱ्यावर काम करून छातीचं दुखणं घेऊन बसला. म्हातारपणी सरकारी मानधनासाठी कागद जमा करत फिराव लागते. अशा माणसाले कोणी म्हटलं, दहा दिवस ये, बॅग उचल, एवढे पैसे देतो, तं त्यानं नाही म्हणावं का?

आणि एक गोष्ट. भारत गणेशपुरे टीव्हीवर वऱ्हाडीत बोलाले लागले त्याच्या आधी आपली बोली पडद्यावर कितीक ऐकू येत होती? माझ्या पोराले पुण्यात कॉलेजात 'असं का बोलतो' म्हणून चिडवत. नंतर तेच पोट्टे त्याले 'बोलून दाखव ना' म्हणाले लागले. माझ्यासाठी हे लहान नाही.

---

जुना_पिटवाला

या प्रश्नावर मराठीत एक अख्खा सिनेमा होऊन गेला आहे, 'एक होता विदूषक'. १९९२ सालचा, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा पु. ल. देशपांड्यांची, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, मोठा होतो आणि वर जाता जाता त्याचं हसवणं कुठं जातं, याची ती गोष्ट. आणि त्यात सोंगाड्या कोण, तर लक्ष्मीकांत बेर्डे.

हा माणूस 'टूर टूर'सारख्या नाटकातून आला होता. त्या नाटकात त्याला पाहिलेले लोक अजून त्याच्या बेफामपणाबद्दल सांगतात. पुढे १९८९ला 'मैंने प्यार किया' आला, १९९४ला 'हम आपके हैं कौन'. दोन्ही तुफान चालले आणि दोन्हीकडे बेर्डे नोकराच्या भूमिकेत. मधल्या १९९२मध्ये त्यानं 'विदूषक'मधला हा सोंगाड्या, आबुराव, केला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. थिएटरात मात्र तो चालला नाही. लोकांना 'लक्ष्या' हवा होता, आबुराव नको होता.

म्हणून कठाणीकाठ यांच्या प्रश्नात मी प्रेक्षकालाही ओढतो. एकदा आपल्याला कोणाचं तरी घसरून पडणं आवडलं की तो सरळ उभा राहिलेला आपल्याला बघवत नाही. निर्माता आपला गल्ला बघूनच पुढची भूमिका देतो.

---

वैनगंगा_पार

दादा कोंडक्यांचं नाव अजून कसं आलं नाही? १९६५चं 'विच्छा माझी पुरी करा', लिहिलेलं वसंत सबनिसांनी. त्यात दादा रोज ताजं राजकारण घालायचे, सकाळच्या पेपरातलं रात्री वगात. सेवा दलात तयार झालेला माणूस. मग १९७१ला 'सोंगाड्या' आणि ओळीनं नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी.

सिनेमात गेल्यावर त्यांची राजकीय धार कमी झाली आणि द्वयर्थी बोलणं वाढलं, हे मला मान्य आहे. पण दादा कधी कोणाच्या दारातला नोकर झाले नाहीत. निर्माते स्वतः, नायक स्वतः. त्यांचा भोळा गडी शेवटी जिंकतो, हवालदार झाला तरी नायक तोच असतो. कारण तिजोरीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. बेर्ड्यांच्या हिंदीतल्या नोकराचं तसं नव्हतं. मला तरी कळीचा मुद्दा इथं दिसतो. नट गावातून मुंबईला गेला म्हणून बोथट होत नाही, दुसऱ्याच्या गोष्टीत भाड्यानं गेला की होतो.

---

कठाणीकाठ

वैनगंगा पार, हा मुद्दा मी सोडला होता. आपल्याकडेच बघा, डॉ. परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातला माणूस, लोक झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. ५,००० वर प्रयोग, ८०० वेगवेगळ्या भूमिका, २०२३ला पद्मश्री. सगळं आयुष्य याच मंडपात काढलं. पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांना हे कोण म्हणून शोधावं लागलं असेल, पण इथल्या पोरासोरांना त्यांचं नाव ठाऊक होतं.

तुरीची शेंग ताई, तुमच्या पोटाच्या मुद्द्यापुढे मी काही बोलत नाही. त्यानं काम घेऊ नये असं मी म्हणतच नाही. ज्याला साठाचे छप्पन हे वाक्य सुचतं, त्याला बॅग देऊन उभं करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार आहे.

---

नवेगावची_मैना

मी भंडारा जिल्ह्यातली. लहानपणापासून मंडईची नाटकं बघत आले, शामियान्यात बायकांच्या बाजूला बसून. तुम्ही सगळे त्या स्टेजबद्दल फार सोवळं लिहिताय, म्हणून बोलते.

काट्याचा प्रवेश खरा असेल. तशी वाक्यं मीही ऐकली आहेत आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्याच रात्री तोच नट काळ्या बायकोवर, लंगड्यावर, मूल न होणाऱ्या बाईवर बोलतो. पहाटेच्या सुमारास झोप उडवायला जे काही चालतं ते आईच्या शेजारी बसून ऐकवत नाही. आमच्या बाजूला हसू येत नाही, पदर तोंडावर येतो. तिथं ज्याच्यावर हसतात तो सोफ्यावर बसलेला नसतो. तो आमच्यातच बसलेला असतो आणि त्याला उठूनही जाता येत नाही.

माझी एक मैत्रीण होती, पायानं अधू. अशाच एका वाक्याला अख्खा मंडप मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. पुढे ती कधी नाटकाला आली नाही.

तेव्हा धार म्हणताना कोणाला लागली तेही लिहा. सिनेमात गेल्यावर यातलं काही गळून पडलं, तर मी त्याला तडजोड म्हणणार नाही.

---

पडद्यामागे

मी मूळचा आरमोरीकडचा, आता मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. मैनाताईंचं म्हणणं मनापासून पटलं. आता सिनेमाकडून हे कसं घडतं ते लिहितो, म्हणजे दोष नेमका कुठं द्यायचा ते ठरवता येईल.

कास्टिंगचा मेसेज येतो तेव्हा त्यात लिहिलेलं असतं: 'विदर्भाची बोली, वॉचमन किंवा ड्रायव्हर, कॉमेडी.' वॉचमन आधी ठरतो, बोली नंतर चिकटवतात. विदर्भाची बोली बोलणारा डॉक्टर, न्यायाधीश, बिल्डर असा मेसेज मी अजून बघितलेला नाही. सेटवर नट येतो तेव्हा संवाद पक्के झालेले असतात. समोरच्या मोठ्या नटाचे दिवस मोजलेले, कॅमेरा लावलेला, लाइट जाईल ही धास्ती. गावच्या नटानं एक वाक्य आपलं टाकलं की युनिट हसतं, दिग्दर्शकही हसतो, आणि मग म्हणतो, "मस्त, पण लिहिलंय तेवढंच घ्या." कारण पुढचं वाक्य ज्याचं आहे तो अडतो.

समजा एखादं वाक्य टिकलंच, तर ते एडिटला जातं. तिथं विचारतात, हे कोल्हापूरला कळेल का? ठाण्याला कळेल का? खरेदी केंद्र, कट्टा, बोनस, हे समजावायला वेळ कोणाकडे आहे? अडखळून पडणं सगळीकडे कळतं. म्हणून ते राहतं. शूटिंग आणि प्रदर्शन यांत बरेच महिने जातात, तोवर ताज्या वाक्याची वाफ गेलेली असते. त्यात कोणाच्या भावना दुखावतील, कोण नोटीस पाठवेल, ही भीती आहेच.

यात कोणी एक वाईट माणूस बसलेला नसतो. प्रत्येक जण आपल्या जागेवरून थोडंसं घासतो.

दुसरी गोष्ट तारखांची. मालिकावाले आणि सिनेमावाले सलग तारखा मागतात, आणि नेमक्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे मंडईचाच मोसम. नट तिकडं गेला की इथल्या तारखा जातात. दोन हंगाम गेले की कंपनी दुसरा विनोदी नट बसवते. मग परतायची वाटच राहत नाही.

---

ऋणमोचन

अमरावती जिल्ह्यातून लिहितो. मला गाडगेबाबा आठवतात. शेंडगावला जन्मले. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. आमच्या आजोबांनी ऐकलं होतं. बाबा कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि लोकांच्या तोंडूनच उत्तर काढायचे. कर्ज काढून सण करता का? नवसाला बकरं कापता का? लोक हसत हसत कबूल करायचे. हसू आपल्यावरच आहे हे कळेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असायचं.

तेव्हा धार वरच्याकडे असली पाहिजे हे कठाणीकाठ यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बाबांनी गरिबालाच हसवलं आणि गरिबाच्याच चुकीवर हसवलं. पण ते त्याच चिंध्यांत, त्याच मातीवर उभे होते, गाडग्यात मिळेल ते खात होते. मैनाताईंच्या मैत्रिणीच्या बाबतीत जे घडलं तसं त्यांच्या कीर्तनात घडलं नसतं, कारण अधू पाय ही कोणाची चूक नाही. चुकीवर हसायचं की व्यंगावर, एवढं भान त्यांना होतं.

डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांचा कवितांचा कार्यक्रम, 'मिर्झा एक्सप्रेस', ज्यांनी ऐकला त्यांनाही हे कळेल. वऱ्हाडीत हसवत हसवत शेतकऱ्याच्या घरात घेऊन जायचे. गावोगाव फिरले, स्टेज सोडलं नाही.

---

परदेशी_पांढरकवडा

नोकरीनिमित्त बाहेर असतो, थोडी भर. हे सगळीकडे आहे. एडी मर्फीचा १९८७चा 'रॉ' हा एकट्यानं माइकवर केलेला कार्यक्रम बघा आणि मग १९९८चा 'डॉक्टर डूलिटल' हा लहानथोरांचा सिनेमा बघा. रिचर्ड प्रायरसारखा माइकवर धारदार बोलणारा माणूस १९८३ला 'सुपरमॅन ३'मध्ये होता. आपल्याकडे वीर दासनं २०१६ला 'मस्तीजादे' केला. पण तो पुन्हा एकटा माइक घेऊन उभा राहिला आणि २०२३ला 'लँडिंग' या कार्यक्रमासाठी आंतरराष्ट्रीय एमी घेऊन आला. त्याला परतायला माइक होता. 'पडद्यामागे' म्हणतात तसं झाडीपट्टीच्या नटाला परतायला स्टेज राहत नाही, हा फरक मोठा आहे.

---

तुरीची_शेंग

मैनाताई, तुमचं वाचून गप्प झाले. आमच्याकडेही असंच होते. कोणी लिहीत नाही.

---

रातपाळी

मी हा धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो. मी स्वतः विनोदी भूमिका करतो. मोठा नट नाही, पण सीझनभर काम असते. सिनेमातही थोडं केलं, त्यातला एक रोल वॉचमनचा.

एक गोष्ट इथं कोणीच लिहिली नाही. धार बोथट व्हायला मुंबईला जावं लागत नाही. ते गावातच सुरू झालं आहे. आता बॅनरवर नाटकाच्या नावापेक्षा पाहुण्यांची नावं जास्त असतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, प्रत्येकाचा फोटो. शामियान्याची वर्गणी त्यांचीच. मेकअप करायला बसलो की मंडळाचे दोन पोट्टे येतात आणि हात जोडून सांगतात, "भाऊ, आज साहेब बसणार आहेत, त्यांच्यावर काही बोलू नका जी, पुढच्या साली वर्गणी लागते." मी नाही बोलत. मंडळाचं नुकसान कशाला करू? मग साहेबांवर बोलायचं नाही, खरेदी केंद्रावर नाही, रस्त्यावर नाही. रात्रभर हसवायचं तर आहे. उरते काय? बायको, सासू, काळी, लंगडा. मैनाताई, तुमच्या मैत्रिणीवर जे वाक्य आलं ते असंच आलं असेल. हे मी सबब म्हणून सांगत नाही. जागा कशी भरते ते सांगतो.

आणि सिनेमाचं म्हणाल तर वॉचमनचा रोल करताना मला कमीपणा वाटला नाही. माझा सख्खा काका नागपुरात वॉचमन आहे. कमीपणा याचा वाटला की त्या वॉचमनला दिग्दर्शकानं एकही शहाणं वाक्य दिलं नाही. काका रात्रभर गेटवर बसून त्या सोसायटीबद्दल जे सांगते ते ऐकाल तर पोट धरून हसाल, आणि हसू सोसायटीवर येईल. मी ते सेटवर सांगितलं. सगळ्यांना आवडलं. घेतलं नाही.

मी आता एक ठरवलं आहे. दिवाळी ते होळी बाहेरच्या तारखा द्यायच्या नाहीत. पावसाळ्यात बोलवा, येतो. यात दोन कामं हातची गेली. घरी बोलणी खाल्ली, पण कंपनीत माझी जागा आहे. काकाच्या गोष्टींवर एक नाटक लिहायला घेतलं आहे, त्यात वॉचमन नायक आहे. वडशात एका निर्मात्याला ऐकवलं, त्यानं पूर्ण करून आणा म्हटलं.

---

नवेगावची_मैना

रातपाळी भाऊ, लिहिलंत ते बरं केलं. नाटक उभं राहिलं की आमच्या भागातली तारीख इथं टाका. एक विनंती आहे. त्यात वॉचमनची बायको असेल तर तिलाही दोन शहाणी वाक्यं द्या.

---

रातपाळी

ताई, काकू काकापेक्षा हुशार आहे. तिच्याशिवाय नाटक होतच नाही.

---

कठाणीकाठ

रातपाळी भाऊ, मी आमच्या गावच्या मंडळात आहे. तुम्ही लिहिलेले ते दोन पोट्टे आमच्याकडेही मेकअपच्या खोलीत जातात, आणि त्यांना पाठवणारे आम्हीच असतो. पोळा झाला की मंडळाची बैठक असते, त्यात नाटक आणि पाहुणे ठरतात. या वेळी दोन गोष्टी मांडणार आहे. पाहुणे बोलवायचे, पण नटाला 'यांच्यावर बोलू नका' असा निरोप मंडळाकडून जाणार नाही. आणि शामियान्याचा खर्च तिकिटातून आणि घरटी वर्गणीतून निघेल तेवढाच करायचा, भले मंडप लहान झाला तरी. बैठकीत विरोध होणार, विशेषतः दुसऱ्या मुद्द्याला. कोणाच्या मंडळानं पुढाऱ्यांच्या वर्गणीशिवाय नाटक काढलं असेल, तर हिशोब कसा बसवला ते इथं लिहा. बैठकीत मला लोकांपुढे आकडे ठेवावे लागतील.